राणीची दोन लुगडी : आगगाड्यांच्या अल्पायुषी रंगांविषयी

आमच्या लहानपणी दर मे महिन्यात आजीचे भाऊ, म्हणजे आमचे नानाआजोबा, चार दिवस मुक्कामाला येत आणि त्या चार दिवसांत आजोबांचे नि त्यांचे एकदा तरी कडाक्याचे भांडण होई. भांडणाचा विषय राजकारणाचा नव्हता, की शेताच्या बांधाचाही नव्हता. दख्खनची राणी, म्हणजे मुंबई-पुणे धावणारी डेक्कन क्वीन, पहिल्या वर्षी कोणत्या रंगाची होती, एवढाच प्रश्न असे.

आजोबांनी ती लोणावळ्याच्या फलाटावर वडिलांचा हात धरून पाहिली होती. नानांनी कल्याणजवळच्या एका फाटकावर बसून पाहिली होती. दोघेही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, आणि दोघांनीही ती त्या वर्षात एकदाच पाहिलेली. आत बसण्याचा प्रश्नच नव्हता. राणीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ साली.

“दाजी, निळीशार होती हो ती. अंगावर सोनेरी रेघा. या डोळ्यांनी पाहिली आहे मी,” नाना म्हणत.

“नाना, तुम्ही दुसरीच कुठली तरी गाडी पाहिली असेल. राणी चांदीसारखी लखलखीत होती. तांबड्या पट्ट्यांची,” आजोबा म्हणत.

आवाज चढले की आजी चहाचे कप घेऊन बाहेर येई. १९७८ सालच्या भांडणात ती जे बोलली ते मला नीट आठवते. “राणी म्हणता ना तिला? मग राणीला काय एकच लुगडं असेल?” दोघेही हसले. बायकांना यातले काय कळते, अशा अर्थाचे ते हसणे होते.

पुढे मी इतिहासाचा विद्यार्थी झालो, मग शिक्षक झालो, आणि एके दिवशी रेल्वेनेच प्रसिद्ध केलेली माहिती वाचताना थबकलो. १ जून १९३० रोजी जी. आय. पी. रेल्वेने डेक्कन क्वीन सुरू केली, तेव्हा तिचे प्रत्येकी सात डब्यांचे दोन रेक होते. डब्यांच्या खालचे सांगाडे विलायतेत घडवलेले, वरचा साज माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये चढवलेला. त्यांतला एक रेक रुपेरी रंगाचा, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. आजोबा खरे होते, नानाही खरे होते, आणि ज्या आजीने राणीला कधी पाहिलेही नव्हते ती सर्वांत खरी होती. मला हे कळले तेव्हा तिघांपैकी कोणीच उरले नव्हते.

विद्यार्थिमित्रांना मी हा प्रसंग वर्गात अनेकदा सांगितला आहे. दोन प्रामाणिक साक्षीदार परस्परविरुद्ध बोलू लागले की आपण लगेच त्यांच्यातला एक खोटा किंवा विसराळू ठरवून मोकळे होतो. साक्ष ज्या वस्तूबद्दल आहे ती वस्तूच दोन रूपांत वावरत होती काय, हे विचारायचे राहून जाते. आगगाड्यांच्या रंगांचा नाद मला लागला तो यामुळे. तसा मी रेल्वेचा माणूस नव्हे. इंजिनाच्या पोटात काय चालते याचे माझे ज्ञान बेताचेच आहे. पण इंजिनाच्या कातडीवर काय लिहिलेले असते, हा मात्र इतिहासाचा विषय आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी हाती घेत नाही.

रंगाचे पहिले काम लोखंडाला गंजू न देणे, हे उघड आहे. पण त्यासाठी काळा किंवा तांबडा कोणताही रंग चालला असता. विलायतेत १९२३ पर्यंत शंभरावर लहानमोठ्या रेल्वे कंपन्या होत्या. त्या वर्षी त्यांतल्या बहुतेक सगळ्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या. इतक्या कंपन्यांच्या गर्दीत आपली गाडी लांबून ओळखू यावी म्हणून प्रत्येकीने आपापला रंग ठरवला. रंग हा गाडीचा गणवेश झाला. गणवेश म्हटला की तो मालक बदलला तर बदलतो, लढाई आली तर बदलतो, समारंभाला वेगळा लागतो, आणि कधी एखादा नवा गणवेश कोणालाच न आवडल्यामुळे गुपचूप बाद होतो. १९४८ साली ब्रिटनमधली रेल्वे सरकारी झाली, तेव्हा निरनिराळ्या रंगांत रंगवलेली इंजिने अधिकाऱ्यांपुढे उभी करून निवड झाली. सर्वांत मोठ्या प्रवासी इंजिनांसाठी निळा ठरला. तो टिकाऊ निघाला नाही, म्हणून तीन-चार वर्षांतच हिरवा आला. असे अल्पायुषी रंग कागदोपत्री एखाद्या ओळीत असतात, लोकांच्या आठवणीत ठिपक्याएवढे असतात, आणि पुढच्या पिढीला ‘आजोबांचा गैरसमज’ वाटतात.

मग फोटो पाहावेत, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणालो होतो आणि चांगलाच फसलो. जुन्या कृष्णधवल फोटोत रंग दिसत नाहीत एवढीच अडचण असती तर गोष्ट सोपी होती. खरी अडचण ही, की जुन्या काचा नि फिल्मा सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नसत. प्रारंभीच्या काचांना निळाच प्रकाश कळे. पुढच्या, दीर्घकाळ वापरात राहिलेल्या फिल्मांना हिरवाही कळू लागला, पण तांबडा मुळीच नाही. अशा फिल्मवर तांबडे अंग काळे उमटते आणि निळे फिकट होते. निळी राणी आणि रुपेरी राणी अशा फिल्मवर जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतील. तेव्हा फोटोतील काळ्या इंजिनाला काळे म्हणण्याआधी चार वेळा विचार करावा.

याहून मोठा चकवा पुढेच आहे. ग्लासगो, मँचेस्टर, लीड्स अशा गावांतील कारखाने नवे इंजिन तयार झाले की त्याचा अधिकृत फोटो काढून घेत. चकचकीत गडद रंगावर उजेड परावर्तित होतो आणि बारकावे दिसत नाहीत. म्हणून फोटोपुरते इंजिन निस्तेज करड्या रंगात रंगवीत, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ओढीत. कधीकधी तर कॅमेऱ्याकडची बाजूच तेवढी रंगवीत. फोटो झाला की करडा जाई आणि ज्या रेल्वेने मागणी केलेली असेल तिचा खरा रंग चढे. आपल्या देशात आलेल्या पुष्कळ इंजिनांचे सर्वांत सुबक फोटो म्हणजे कारखान्यातले हेच फोटो. म्हणजे ज्या रंगात ते इंजिन एक मैलसुद्धा कामावर धावले नाही, नेमका तोच रंग अल्बममध्ये अमर झाला. चार दिवसांचे आयुष्य असलेल्या रंगाने चाळीस वर्षांच्या रंगाला मागे टाकल्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि रंगांच्या नावांवर तरी विश्वास ठेवावा काय? लंडनच्या दक्षिणेकडील एका जुन्या रेल्वेवर विल्यम स्ट्राउडली नावाचे प्रसिद्ध लोकोमोटिव्ह अधिकारी होते. त्यांच्या प्रवासी इंजिनांच्या रंगाचे नाव ‘सुधारलेला इंजिन-हिरवा’ असे होते. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यांचे १८८२ सालचे ‘ग्लॅडस्टन’ हे इंजिन त्या रंगात उभे आहे. तो रंग चक्क पिवळा आहे, आपल्या हळदीत थोडी माती मिसळावी तसा. नुसत्या कागदपत्रांवरून इतिहास लिहिणाऱ्याने ते इंजिन हिरवे ठरवले असते आणि खाली कागदाचा आधारही दाखवला असता.

यॉर्कच्याच संग्रहालयात माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोठा धडा उभा आहे. त्या इंजिनाचे नाव ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

१९३७ हे सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचे साल. त्या निमित्ताने लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने ५ जुलैपासून लंडन ते ग्लासगो साडेसहा तासांत पोहोचणारी ‘कॉरोनेशन स्कॉट’ ही गाडी सुरू केली. तिच्यासाठी विल्यम स्टॅनियर यांच्या देखरेखीखाली ६२२० ते ६२२४ अशी पाच इंजिने बांधली. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्यांच्यावर उलट्या होडीसारखे गुळगुळीत पत्र्याचे कवच होते. रंग निळा. नाकाच्या टोकापासून निघालेले रुपेरी पट्टे इंजिनावरून वाहत थेट शेवटच्या डब्यापर्यंत जात. ६२२० क्रमांकाचे नाव ‘कॉरोनेशन’. पुढच्या वर्षी त्याच धर्तीची आणखी पाच इंजिने झाली, ६२२५ ते ६२२९. पण त्यांना निळ्याऐवजी कंपनीचा नेहमीचा किरमिजी तांबडा दिला आणि पट्टे सोनेरी केले. ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’ ही यांतली शेवटची, ६२२९.

१९३९ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरणार होते. कंपनीला तेथे आपली गाडी मिरवायची होती आणि नाव ‘कॉरोनेशन’च हवे होते. पाठवले मात्र नवे इंजिन, ६२२९. त्यासाठी दोन्ही इंजिनांनी आपापसांत नावे नि क्रमांक बदलले. तांबडी डचेस ‘६२२० कॉरोनेशन’ बनून समुद्रापार गेली, आणि खरे निळे कॉरोनेशन मागे इंग्लंडात ‘६२२९ डचेस ऑफ हॅमिल्टन’ या नावाने धावत राहिले. लढाई सुरू झाल्यामुळे तिकडचे इंजिन तिकडेच अडकले. ते १९४२ मध्ये परत आले आणि १९४३ मध्ये दोघांनी आपापली नावे परत घेतली.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने या ठिकाणी क्षणभर थांबावे. समजा, १९३९ सालचा अमेरिकेतील एक कृष्णधवल फोटो आपल्यापुढे आहे. इंजिनावर स्पष्ट ६२२० लिहिले आहे. कंपनीचे दप्तर सांगते की ६२२० निळे होते. फोटो अस्सल, दप्तरही अस्सल. आपण फोटोखाली लिहिणार : ‘निळे कॉरोनेशन’. आणि ते साफ चूक असणार. दोन खऱ्या कागदांतून एक खोटे वाक्य कसे तयार होते, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

लढाईच्या काळात तांबडा गेला आणि काळा आला. १९४७ मध्ये कवचही उतरवले. नंतर सरकारी अमदानीत हेच इंजिन निळे झाले, मग हिरवे झाले, मग १९५८ च्या सुमारास पुन्हा तांबडे झाले, पण यावेळी पट्टे नसलेले. १९६४ मध्ये ते निवृत्त झाले आणि समुद्रकाठच्या एका सहलवाडीत मुलांच्या करमणुकीसाठी उभे राहिले. तेथून ते संग्रहालयाकडे आले, दुरुस्त झाले आणि कवच नसलेल्या तांबड्या रूपात पुष्कळ वर्षे धावलेही. अखेर २००९ साली त्याला नव्याने घडवलेले कवच चढवले आणि १९३८ चा किरमिजी-सोनेरी पोशाख परत दिला. ज्याच्या नावाने ते अमेरिका पाहून आले ते खरे कॉरोनेशन मात्र १९६३ मध्येच मोडीत गेले होते.

२००९ चा हा निर्णय बरोबर होता काय? सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या पोशाखाचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे. ज्यांनी हे इंजिन साठ साली पाहिले त्यांच्या दृष्टीने ‘खरे’ रूप दुसरेच. पण त्याच वर्गातील इतर इंजिने कवचाविना जतन झालेली आहेत, कवचवाले मात्र एकही उरले नव्हते, म्हणून मला तो निर्णय पटतो. मात्र ‘मूळ रंग’ हा शब्द मी त्या दिवसापासून वापरणे सोडले. कोणी विचारले तर मी उलट विचारतो, “कोणत्या तारखेचा रंग?”

अमेरिकेत तर समारंभाच्या पोशाखालाच पुढे इतिहासाचा मान मिळाला. तेथील सदर्न पॅसिफिक कंपनीचे ४४४९ हे १९४१ चे वाफेचे इंजिन. त्याचा तांबडा, नारिंगी आणि काळा असा ‘डेलाइट’ पोशाख अतिशय गाजलेला. कामावरून काढल्यावर १९५८ पासून ते पोर्टलंडच्या एका बागेत उघड्यावर पडून होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा ‘फ्रीडम ट्रेन’ नावाची फिरती प्रदर्शनगाडी निघाली. तीत वॉशिंग्टनच्या हातची राज्यघटनेची प्रत होती आणि चंद्रावरचा दगडही होता. ही गाडी ओढण्यासाठी ४४४९ ला बागेतून बाहेर काढले आणि १९७५ साली लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांत रंगवले. १९८१ मध्ये त्याला पुन्हा डेलाइट पोशाख मिळाला. गंमत अशी, की ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, त्याला परत तो लाल-पांढरा-निळा रंग दिला. आता तो समारंभाचा रंग राहिला नव्हता. तो जुना, आठवणीतला रंग झाला होता. आणि काही काळाने तोही गेला.

त्याच सदर्न पॅसिफिकची दुसरी गोष्ट हसू आणणारी आहे. १९८० नंतरच्या दशकात सँटा फे रेल्वेशी तिचे एकत्रीकरण व्हायचे घाटत होते. सरकारी आयोगाची परवानगी यायची होती, पण मंडळींना दम निघेना. १९८५ पासून दोन्हीकडची शेकडो इंजिने नव्या तांबड्या-पिवळ्या रंगात रंगू लागली. एकीकडच्या इंजिनांवर ‘एस पी’, दुसरीकडच्यांवर ‘एस एफ’, आणि उरलेली दोन अक्षरे नंतर भरता यावीत म्हणून शेजारी कोरी जागा सोडलेली. फोटोच्या फिल्मच्या डबीवरून लोकांनी त्या रंगाला ‘कोडॅक्रोम’ म्हणायला सुरुवात केली. जुलै १९८६ मध्ये आयोगाने परवानगी नाकारली. ती कोरी जागा कायमची कोरी राहिली. एस, पी, एस, एफ या चार अक्षरांचा अर्थ, ‘एवढ्या घाईने रंगवायला नको होते’, असा कामगार सांगू लागले. ठरलेले लग्न मोडावे, पण पत्रिका गावभर वाटून झालेल्या असाव्यात, तशातला हा प्रकार. त्या इंजिनांवरचा रंग हा न झालेल्या घटनेचा पुरावा आहे. असा पुरावा इतिहासात क्वचित मिळतो.

आता आपल्या अंगणात येतो. डेक्कन क्वीनचे ते जुने दोन्ही रेक १९६६ मध्ये बदलले आणि पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. माझ्या पिढीची राणी निळी-पांढरी. जून २०२२ पासून नवे डबे आले आणि तिचा रंगही बदलला. आजच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने तिचा रंग हिरवा सांगितला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. एवढे शहाणपण आजीने मला दिले आहे.

पण सगळीकडे इतके शहाणपण मला वेळेवर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्या भागातील एका गावी (नाव सांगत नाही, कारण दोष अर्धा माझा आहे) एक जुने नॅरोगेज इंजिन चौथऱ्यावर ठेवलेले आहे. त्याला रंग द्यायचे ठरले तेव्हा तेथील मंडळींनी मला बोलावून विचारले, “सर, याचा मूळ रंग कोणता?” मी त्यांना वर दिलेले सगळे व्याख्यान ऐकवले. कोणत्या तारखेचा रंग, फोटोवर विश्वास का ठेवू नये, वगैरे. शिवाय सांगितले की जुना रंग खरवडू नका. एका कोपऱ्यात बारीक पॉलिश कागदाने थोडे थोडे घासले की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाखाली एक थर दिसतात, त्यांची नोंद करू आणि मग ठरवू. मला एक महिना द्या. त्यांनी माना डोलावल्या. मी परीक्षेच्या तपासणीत गुंतलो. सव्वा महिन्याने विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तर इंजिन अंगभर खरवडून लख्ख झालेले, आणि त्यावर आकाशी नि पिवळा ऑइलपेंट चढत होता. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. रंगारी भला माणूस होता. “साहेब, एवढे थर होते, हात दुखून आले,” असे तो कौतुकाने सांगू लागला. त्याला काय बोलणार?

मी तोंड पाडून चौथऱ्यावर बसलो. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातील एक मुलगी मात्र झाडून काढलेल्या कचऱ्यात वाकून काही तरी निवडत होती. टाकीच्या खालच्या कडेचे तीन-चार टवके तिने पाकिटात घातले आणि पाकिटावर तारीख नि जागा लिहिली. हे मी त्यांना शिकवले होते हे खरे, पण त्या क्षणी मला स्वतःला ते सुचले नव्हते.

वनस्पतिशास्त्र विभागातील सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही तो टवका आडवा धरून पाहिला. सर्वांत वर काळा, दोनदा. त्याखाली हिरवा. हिरव्यावर एका जागी केसाएवढी पिवळी रेघ. त्याखाली तांबूस अस्तर आणि अगदी तळाशी करड्या रंगाची एक पातळ पापडी. करडा पाहताच मुले आनंदाने ओरडली, “सर, फोटोचा रंग!” असेलही. पण अस्तरालाही करडा रंग वापरीत, तेव्हा तसे लिहिता येणार नाही, असे मी सांगितले. मुलांचे चेहरे उतरले.

हिरव्याबद्दलही मला शंका आहे. जुन्या रंगांवर तेलाच्या वार्निशाचे हात देत. असे वार्निश वर्षानुवर्षे अंधारात, दुसऱ्या थरांखाली राहिले की पिवळे पडते, आणि पिवळ्यातून पाहिलेला निळा हिरवा दिसतो. मात्र अंधारात पडलेले हे पिवळेपण उजेडात ठेवल्यावर बरेच कमी होते. म्हणून त्या मुलीने वरचे काळे थर हलकेच काढून टवक्याचे दोन तुकडे केले. एक पाकिटात घालून कपाटात ठेवला. दुसरा काचेच्या दोन पट्ट्यांत धरून आमच्या विभागाच्या दक्षिणेकडील खिडकीत ठेवला आहे. त्याला आज सतरा दिवस झाले. ती रोज पहिल्या तासाआधी येते, कपाटातला तुकडा काढून खिडकीतल्याशेजारी धरते, आणि वहीत एक ओळ लिहून जाते.